वऱ्हांड्यातला स्टो

८ फेब्रुवारी १९९९

म्हातारपणाच्या पेन्शनीसाठी आज तिसरी खेप! सकाळी दहापासून मंडल ऑफिसात बसून होते. दोन वाजता नंबर लागला. क्लार्कनं कागद उलटेपालटे केले, माझ्याकडं न बघताच म्हणाला, "बेटा कमाता ना अम्मा? फिर पेन्शन कायकू?"

कमातो म्हणजे काय कमातो ते तरी विचार की! अमर कामाला होता तो कारखाना बंद पडला. व्हीआरएसचे पैसे आले तसे गेले. आता तिकडं माधापूरला कंप्युटरवाल्यांच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभा असतो. ठेकेदार बदलला की तेही गेलं. पण हे सगळं मनातच. तोंडातून निघालं ते एवढंच, "हाँ साब, बेटा है."

बीपीच्या गोळ्या संपून तीन दिवस झाले. सांगितलं नाही. सांगितलं की अमर शोभाकडं बघतो आणि शोभा भिंतीकडं बघते. सुनेचा राग नाही मला, तिची ओढाताण मला दिसते. पण पुन्हा पुन्हा हात पसरायचा माझ्यात दम नाही.

१० फेब्रुवारी

वयाचा दाखला हवा. जन्माचा कागद कुठून आणू? माय सांगायची, रझाकारांच्या धामधुमीत तू लग्नाला आली होतीस. एवढाच माझा दाखला. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "दाँताँ दिखाओ." दाखवले. बैल घेताना बघतात तसे बघितले आणि सहासष्ट लिहून दिलं. रडू येत होतं, पण तोंड उघडं होतं.

१५ फेब्रुवारी

क्लार्क आज बरा बोलला. जरा पुढं वाकून म्हणाला, "अम्मा, सब कैसे करते देखो. कार्ड अलग, चूल्हा अलग. गिरदावर आके देखता. अकेले रहते बोले तो मिल जाता."

गिरदावर म्हणजे घरी येऊन तपासणारा सरकारी माणूस. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

ही वही रोशनीची, गेल्या वर्षीची. मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. नात इंग्लिश शाळेत जाते, तिला मराठी वाचता येत नाही. सून तेलुगू शिकलेली. अमर मराठी अक्षर लावत लावत वाचतो आणि कंटाळून सोडून देतो. म्हणजे वही उघडी टाकली तरी बंदच! जामबागच्या शाळेत वीस वर्षं आया होते. पोरांच्या मागं बसून बसून शिकले, ते आता असं कामाला आलं.

१६ फेब्रुवारी

सांगितलं. अमर भडकला — "आई, लोक काय म्हणतील? जयभीमवाल्यांत तोंड दाखवायला जागा राहील का?" मी म्हटलं, लोक गोळ्या आणून देतात का? चार दिवसांचं नाटक. गिरदावर येऊन गेला की स्टो आत.

 जेवण झाल्यावर शोभा हळूच म्हणाली, "आत्याबाई, जुना स्टो माळ्यावर आहे. पिन मारली की पेटतो."

२ मार्च

पांढऱ्या रेशन कार्डावरून माझं नाव कापलं. लाल शाईनं, पट्टी लावून. हे गेले तेव्हा त्यांचंही असंच कापलं होतं.

अमरनं लिहून दिलं की आई वेगळी राहते, मी तिचा सांभाळ करत नाही. कागद तेलुगूत. त्यानं सही केली आणि रिक्षात बसेपर्यंत माझ्याकडं बघितलं नाही. मीच म्हटलं, अरे वेड्या, कागदावरच तर आहे. "हं," म्हणाला.

९ मार्च

मुक्काम वऱ्हांड्यात. खाट, स्टो, ट्रंक, बाबासाहेबांचा छोटा फोटो. घरमालक हिम्मतराव जाता-येता बघतात आणि विचारत नाहीत. भला माणूस.

रोशनी शाळेतून आली की थेट माझ्याकडं. तिला माझ्या हातचं पिठलं आवडतं. नाटकातसुद्धा पंगत दोघींची!

२३ मार्च

गिरदावर आला! चष्मेवाला, घामाघूम झालेला. खाटेखाली वाकून बघितलं, डब्याची झाकणं उघडली. स्टोजवळ दोन ताटल्या होत्या. "अकेले रहते तो दो प्लेटाँ कायकू अम्मा?"

 एक घासायला पडली की दुसरी लागते, म्हटलं. हसला. मग अमरला बाहेर बोलावून विचारलं, "माँ को देखते क्या तुम?"

अमर म्हणाला, "नै साब. हमारा कुछ संबंध नै उनसे."

फार छान म्हणाला. अडखळला नाही. इतकं छान म्हणायची गरज नव्हती.

१४ एप्रिल

जयंती. सगळे मिरवणुकीला गेले. मला पायानं चालवत नाही. शोभानं खीर केली होती. वाटी दारातून पुढं केली, शेजारणीला देतात तशी. मग तिच्याच ध्यानात आलं बहुतेक. थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली.

खीर गोड होती. खाल्ली. का खोटं लिहू?

६ मे

मंजूर झाली. पासबुकावर माझा फोटो, खाली माझं नाव — मनकर्णा किशनराव. हे गेल्यावर इतक्या वर्षांनी दोघांची नावं एका ओळीत.

गोळ्या आणल्या. माझ्या मी आणल्या! कोठीच्या बाजारापर्यंत चालत गेले, पाय दुखतो म्हणणारी मी. रोशनीला पेन घेतला.

संध्याकाळी स्टो पुसून ठेवला. वाटलं, कोणीतरी म्हणेल, आता स्टो आत घ्या. कोणी म्हणालं नाही.

७ मे

आजही नाही.

३० मे

मीच विषय काढला. शोभा म्हणाली, "मधेच कोणी बघायला आलं तर? राहू द्या ना आत्याबाई, तुम्हालाही हवा लागते."

हवा लागते!

आत माझ्या खाटेच्या जागी रोशनीचं टेबल आलंय. ती दहावीला आहे, तिला जागा लागणारच. मला सगळं कळतं, हाच माझा रोग. थोडं कमी कळलं असतं तर भांडले तरी असते.

१९ सप्टेंबर

अमर आज खाटेवर येऊन बसला. कधी बसत नाही. कुकटपल्लीला खोली बघितली म्हणाला, कामावर जायला जवळ पडते. मी म्हटलं, बरं झालं, कधी निघायचं?

तो नखानं खाट खरवडत बसला. मग म्हणाला, "आई, तुझी पेन्शन ह्या पत्त्यावरची. तिकडं आलीस तर इथलं नाव कटेल. परत पहिल्यापासून ऑफिस, डॉक्टर... तुला झेपायचं नाही. इथंच राहा थोडे दिवस. मागची लहान खोली हिम्मतराव देतात, भाडं मी देईन. मी येत जाईन की दर रविवारी."

ज्या पेन्शनीसाठी उंबरे झिजवले, तीच आडवी आली. कल्पना कोणाची? माझी! दुसऱ्या कोणाला बोलायची सोयसुद्धा ठेवली नाही मी.

३ ऑक्टोबर

गेले. टेम्पोत टेबल शेवटी चढवलं. रोशनी रडली. मी नाही. दार लावून मग रडले, वाईट रडले. किती वेळ, ते माहीत नाही.

१० ऑक्टोबर

रविवार. अमर आला, केळी आणली.

३१ ऑक्टोबर

रविवार. आला नाही. ड्यूटी असेल.

२७ डिसेंबर

काल रविवार, अमर येईल म्हणून दोघांचं पिठलं केलं होतं. सकाळी शिळं मीच खाल्लं. रविवारी पिठलं करायचं नाही आता.

१६ जानेवारी २०००

हिम्मतराव म्हणाले, "भाडं घेऊन अमर माझ्या दुकानावर आला होता, तुम्हाला भेटला ना?" भेटला की, म्हटलं.

१८ फेब्रुवारी

वर्षाची तपासणी. तोच गिरदावर. स्टोजवळ बघितलं — एकच ताटली. ह्या खेपेला डबे उघडले नाहीत. नरम आवाजात म्हणाला, "बेटा देखता नै ना अम्मा? 'नै' लिख देतूँ."

मी म्हटलं, "थांबा साहेब. बघतो की! दर रविवारी येतो. भाडं देतो, सांभाळतो मला. त्याच्याकडंच जायचंय मला राहायला."

पेन वरच राहिला त्याचा. "अम्मा, ऐसा लिखे तो पेन्शन कटती."

"लिहा."

लिहिलं. आता अमर काय कारण सांगतो ते बघते.