दहा मोल शेंगतेल आणि तालमीचा कायदा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ डिसेंबर १९७४

ती. केरबामामांच्या पायांवर डोकं ठेवून (डोकं अजून जरा गरमच आहे, पाय पोळले तर क्षमा असावी) भाचा हंबीरराव याचा दंडवत.

तुमचा गुडघा आता कसा आहे? थंडीत आजऱ्याला तो जास्तच बोलतो असं आई म्हणत होती. शालूमामीचा खोकला काजू भाजायच्या धुरानं की तुमच्या विडीनं, याचा निकाल लागला का? घनसाळ तांदूळ पोचला. आईनं पहिल्या दिवशी भात केला आणि वासावर शेजारच्या अंबूबाई वाटी घेऊन आल्या, त्यावरून माल अस्सल आहे हे सिद्ध झालं. इकडे सर्व क्षेम आहे. मी कॉलेजातून काढला गेलो अशी जी बातमी तुमच्याकडे एस.टी.तून पोचली, ती मात्र साफ खोटी आहे. मला कोणी काढलेलं नाही. मी कॉलेज सोडलं आणि ताठ मानेनं सोडलं. यात तुमचाही वाटा आहे, म्हणून सगळं तुम्हालाच लिहितो.

झालं असं की, ऑगस्टात आमचे केमिस्ट्रीचे हेरवाडकर सर मोल शिकवत होते. मामा, मोल म्हणजे काही भानगडीची गोष्ट नाही. आपण केळी डझनानं मोजतो, कडब्याच्या पेंढ्या शेकड्यानं मोजतो, तसे रेणू मोलानं मोजायचे. आता रेणू इतका बारीक की तो बोटानं मोजायला बसलं तर आजऱ्याची सगळी माणसं बसवूनही सात जन्मांत एक चिमूट व्हायची नाही. म्हणून युक्ती अशी, की मोजायचं नाही, तोलायचं. एक मोल शेंगतेलाचं वजन साधारण आठशे चौऱ्याऐंशी ग्रॅम आणि एक मोल कॉस्टिक सोड्याचं फक्त चाळीस ग्रॅम. डोकी दोन्हीकडे तेवढीच. पण एकीकडे सगळे थोराड पैलवान उभे आणि दुसरीकडे बालवाडी. हे मला वर्गात सगळ्यांच्या आधी कळलं होतं (पहिल्या बाकावरच्या एका मुलीला कदाचित माझ्याही आधी कळलं असेल, पण तिचा विषय केवळ रसायनापुरता पुढे येईल). मग सरांनी विचारलं, तेल आणि कॉस्टिक मिळून साबण होतो, तर एक मोल तेलाला कॉस्टिक किती मोल? मी उभा राहून सांगितलं, एक. सर म्हणाले, कशावरून? मी म्हटलं, आमच्या तालमीत एका गड्याच्या अंगावर दोघं सोडत नाहीत, जोड एकास एकच लागते. (हा कायदा मला कोणी शिकवला, मामा? मी आठ वर्षांचा असताना आखाड्याच्या कडेला बसवून तुम्हीच ना?) वर्ग हसला. हसणाऱ्यांचं मला काही नाही. पण सर चष्मा पुसत म्हणाले, "हंबीरराव, रेणूंना तुमच्या तालमीचे कायदे कोणी शिकवलेले नाहीत. आधी समीकरण जुळवा, मग वर्गात बसा."

मी म्हटलं, मग बाहेरच जुळवतो. आणि निघालो. असा निघालो की बाकावर सायकलची किल्ली राहिली. ती आणायला परत जाणं आपल्या घराण्याला शोभलं नसतं, म्हणून पायी घरी आलो. सायकल अजून कॉलेजच्या स्टँडवरच आहे. खरं उत्तर सरांनी मी दाराबाहेर गेल्यावर सांगितलं असणार, म्हणजे पुढे जे माझं अज्ञान दिसून आलं ते माझ्या स्वाभिमानाचं फळ आहे, अभ्यासाच्या अभावाचं नव्हे. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आता बाहेर जुळवायचं म्हणजे साबण करूनच दाखवायचा. साबणाला तेल लागतं. तेल कुठलं घ्यावं याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्या गल्लीच्या तोंडाशीच तेलाचं एक दुकान आहे, पण तेलाचा कस पाहता नृसिंहशेठच्या घाण्यावरचं तेल घ्यावं असं माझं शास्त्रीय मत पडलं (घाणा पार पलीकडच्या पेठेत, पायी वीस मिनिटं, आणि सायकल कुठे आहे ते वर लिहिलंच आहे). संध्याकाळी तिथं गल्ल्यावर शेठची मुलगी प्रमोदिनी बसते. पहिल्या बाकावरची ती हीच. मी तिथं आधी पाव शेर, मग अर्धा शेर असं तेल नेऊ लागलो. घरात इतकं तेल साठलं की आईनं आठवडाभर भजी केली. शेवटी एके दिवशी मी म्हटलं, दहा मोल द्या. शेठ मागून म्हणाले, हे कुठलं माप, पावणं? प्रमोदिनीनं मान वर न करता आकडा केला आणि आठ किलो आठशे चाळीस ग्रॅम तोलून दिलं. एक ग्रॅम इकडे-तिकडे नाही. मग हळूच विचारलं, कॉस्टिक किती घेतलंत? मी छाती काढून सांगितलं, चारशे ग्रॅम. म्हणजे दहा मोल. तेलाला तेवढंच.

ती हसली. मामा, मी तुम्हाला केवळ शास्त्र सांगतोय, पण ते हसणं साधं नव्हतं. डबा घेऊन मी शिवाजी पुलापर्यंत गेलो आणि मग ध्यानात आलं की घर उलट्या दिशेला आहे. पुढचे पंधरा दिवस मी त्या हसण्यावरच काढले.

साबण केला. कॉस्टिक पाण्यात टाकलं की पाणी आपोआप तापतं, विस्तवाशिवाय. हे मी अंबूबाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी हात जोडले. (पहिलं पातेलं ॲल्युमिनियमचं घेतलं होतं, ते कॉस्टिकनं खाऊन टाकलं. आई ते अजून शोधतेय, मीही शोधायला मदत करतोय.) तेलात ते ओतलं आणि दांड्यानं घोटत बसलो. घट्ट होईना. लोण्यासारखं झालं आणि तिथंच अडून बसलं. मी म्हटलं, थंडी आहे, आळसावलं असेल. त्यात शंखजिरं (साबणवाले भरीला घालतात ती पांढरी भुकटी) घातलं, अजून घातलं, मग लाकडी साच्यात दाबून बसवलं आणि तारेनं वड्या पाडल्या. दिसायला वडी अशी देखणी की हातात घ्यावी आणि ठेवूच नये. (ठेवताही येत नव्हती, हाताला चिकटायची.) वडीवर मी खिळ्यानं गदा कोरली आणि सगळा माल आपल्या तालमीला अर्पण केला. वस्ताद आण्णांनी तो हातात घेऊन सगळ्या पोरांना सांगितलं, आपल्या तालमीचा साबण, आपल्या पोरानं केलेला, कळंब्याच्या मैदानाला सगळ्यांनी हाच लावून अंघोळ करायची. मामा, त्या क्षणी तुम्ही तिथं हवे होता.

नंतरच्या क्षणी नव्हता हे बरं झालं.

कळंब्याला आपल्या पिराजीची कुस्ती मलकापूरच्या एका तगड्या गड्याशी लावलेली. पिराजी तुम्हाला माहीत आहेच, शब्दाचा पक्का. वस्तादांनी अंघोळ म्हटल्यावर त्यानं सकाळी अर्धी वडी अंगावर संपवली. हलगी कडाडली, सलामी झाली, दोघांनी माती लावली. मलकापूरच्याची माती अंगावर बसली, पिराजीची खाली आली. मलकापूरच्यानं पट काढायला हात घातला, हात गुडघ्यावरून निघून आला. कंबर धरली, कंबर गेली. मानेला कैची घातली तर पिराजी त्यातून न्हाणीतल्या वडीसारखा वर सटकला. आधी लोक टाळ्या वाजवत होते, काय चपळाई, काय सुटका. पण खुद्द पिराजीच घाबरला, कारण त्याला स्वतःलाही समोरचा धरता येईना. मलकापूरचे वस्ताद ओरडले, ह्यो गडी त्याल लावून आलाय. पंचांनी कुस्ती थांबवली. एका म्हाताऱ्या पंचांनी पिराजीच्या पाठीवरून बोट ओढलं, नाकाला लावलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "शेंगत्याल."

मामा, आपल्या तालमीवर अंगाला तेल लावल्याचा आरोप. माझं रक्त उसळलं. मी कडं तोडून आत शिरलो, एका हातात पाण्याची बादली, एका हातात माझा साबण, आणि म्हटलं, तेल असेल तर तुमच्यादेखत धुऊन काढतो. आणि भर मैदानात पिराजीला घासायला लागलो. घासला, पाणी ओतलं, पुन्हा घासला. जितका घासावा तितका तो चमकायला लागला. शेवटी उन्हात त्याच्याकडे बघवेना. पंच बघत होते, मलकापूर बघत होतं, आणि आण्णा माझ्याकडे बघत होते. ते जवळ आले आणि अगदी हळू विचारलं, "हंब्या, तुझा साबण त्याल काढतो का घालतो?"

मग आण्णांनी शेजारच्या हॉटेलच्या चुलीतली राख मागवली आणि पिराजीला नखशिखान्त राखेनं माखून पुसला. तेल गेलं. पिराजी गोसाव्यासारखा पांढरा होऊन पुन्हा लढला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. म्हणजे आपण जिंकलो, कारण मलकापूरचा ताजा होता आणि आपला तीनदा धुतलेला. राखेत क्षार असतो, म्हणजे माझ्या साबणाला जे थोडं कमी पडलं ते चुलीनं पुरवलं, हे मी आण्णांना तिथल्या तिथं समजावून सांगत होतो. पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी एवढंच सांगितलं, की साबण तेल काढायला शिकल्याशिवाय तालमीच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाय. म्हणजे आता कॉलेज मी सोडलेलं आणि तालमीनं मला. आपल्या घराण्यात दोन्ही दारं एकाच वर्षी आजवर कुणी बंद केली नसतील.

बातमी माझ्याआधी घाण्यावर पोचली होती. मी गेलो तो तेल घ्यायला नव्हे (घरात अजून होतं), तर मी लबाड नाही एवढं कुणालातरी सांगायला. प्रमोदिनी गल्ल्यावरून उठली, शेठ घाण्याशीच आहेत ना ते पाहिलं आणि म्हणाली, "तीन लागतात, हंबीरराव. एक मोल तेलाला तीन मोल कॉस्टिक. त्या दिवशी मी हसले ते त्यासाठी."

पंधरा दिवस मी जपलेलं तिचं हसणं तिथंच पेंडीच्या ढिगात पडलं. राग असा आला की कुणावर काढावा कळेना. मी म्हटलं, एकावर तिघं सोडणं हा धर्म नव्हे, मग साबण नाही झाला तरी चालेल. ती रागावली नाही. तिनं पेंडीचे तीन तुकडे उचलले, सुतळीनं एकत्र बांधले आणि माझ्यापुढे ठेवले. "तेलाचा रेणू एकटा गडी नाही. तीन आम्लं एका ग्लिसरिनला बांधलेली असतात. लांबून एक दिसतात. तिघांना तिघं. एकास एकच झालं की."

मामा, सरांनी हे असं सांगितलं असतं तर मी आज बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात पहिला आलो असतो. तालमीचा कायदा खरा ठरला. तुम्ही शिकवलेलं खरं ठरलं. माझी फक्त डोकी मोजण्यात चूक झाली होती, कायद्यात नाही. मी घरी गेलो, दहा मोल तेल आणि तीस मोल कॉस्टिक, म्हणजे बाराशे ग्रॅम, लोखंडी घमेल्यात घोटलं, आणि काय सांगू, दांडा उभा राहिला. या वेळी शंखजिऱ्याची चिमूटसुद्धा लागली नाही. वड्या पुरत्या वाळू दिल्या आणि पहिली वडी घाण्यावर नेली. दिवसभर तेलात बुडलेले नृसिंहशेठचे हात, ते त्यांनी त्या वडीनं धुतले, उलटेसुलटे केले, धोतराला पुसले, धोतराला डाग पडला नाही. म्हणाले, "ह्यो साबण हाय." आण्णांनीही पिराजीला अंघोळ घालून स्वतः पाठीवर बोट ओढून पाहिलं. बोट कचकन अडकलं. तालमीचं दार उघडलं. जिल्ह्यात अंगावर गदा कोरलेला साबण फक्त आपला आहे, आणि तो मोलानं केलेला आहे, अंदाजानं नव्हे. कॉलेज सोडून मी काय मिळवलं असं तुम्हाला आजऱ्याच्या पारावर कोणी विचारलं तर हे पत्र वाचून दाखवा (कंसातलं गाळून).

मामीला नमस्कार, पोरांना गोड पापा, गुडघ्याला गरम वाळूचा शेक.

तुमचा आज्ञेतला, म्हणजे बहुतेक वेळा आज्ञेतला,
हंबीर

ता. क. सोबत पुडक्यात चार वड्या आहेत. गदेखाली रेघ आहे त्या दोन नव्या, त्या अंगाला लावा. रेघ नसलेल्या दोन जुन्या, त्या बैलगाडीच्या आखाला लावा. इथल्या गाडीवाल्यांनी फार वाखाणल्यात. चुकून उलट करू नका, गुडघा घसरेल.

ता. क. दुसरा. त्या संध्याकाळी निघताना प्रमोदिनी आणखी एक वाक्य बोलली होती, ते वर लिहायचं राहिलं. सुतळी गुंडाळत ती म्हणाली, "तुमची सायकल स्टँडवरच आहे. वर्गात तुमच्या जागेवरही कुणी बसत नाही." मी पुष्कळ विचार केला, मामा. सायकल गंजली तर नुकसान आहे. म्हणून जूनपासून कॉलेजात परत बसावं म्हणतो. पण त्यासाठी हेरवाडकर सरांकडे कोणीतरी वडीलधारं जायला हवं. तरी गुडघ्याला सोसेल त्या दिवशी येऊन जावं. फेटा बांधून यावं. याच कामासाठी पत्र लिहिलं, बाकीचं ओघात आलं.

ता. क. शेवटचा. सरांकडे तुम्ही, आण्णा आणि मी असे तिघं जाऊ. एकावर तिघं म्हणून बिचकू नका, मी नीट मोजलंय. सर लांबून एक दिसतात, पण त्यांच्यात तीन बांधलेले आहेत. एक, मी ज्यांना उलट बोललो ते मास्तर, त्यांची माफी मी मागतो. दुसरे, कॉलेजात परत घ्यायचं की नाही हे ठरवणारे, त्यांच्याशी आण्णा बोलतील. तिसरे म्हणजे प्रमोदिनीचे सख्खे मामा. ते तुमच्याकडे, मामाला मामा. एकास एकच झालं की.