सात नंबरचं कुलूप

४ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोज लिहायचं. रोज म्हणजे रोज. माझ्यासारख्या शिस्तीच्या माणसाची रोजनिशी नसावी, हे बरं दिसत नाही.

प्रथम माझ्याविषयी. धोकादायक कचऱ्याच्या डेपोवर पाणी-नमुने विभागाचा प्रमुख. विभागात मी एकटाच आहे. इथे पूर्वी केमिकलचे ड्रम ठेवायचे. ते गळले आणि ते थिनरसारखं प्रकरण जमिनीत मुरून खालच्या पाण्यात उतरलं. आता दोन मीटर माती खणून नेली आहे. पाणी पंपाने उपसून कोळशाच्या टाक्यांतून गाळणं चालू आहे. गाळून काही फरक पडतो का, ते बघायला सात बोअर मारल्यात. दर महिन्याला त्यांचं पाणी बाटल्यांत भरून मी लॅबला पाठवतो. लेबल हाताने लिहितो. माझ्या अक्षराचं लॅबमध्ये फार कौतुक आहे.

५ फेब्रुवारी

नमुने घेतले. एक ते सहा झकास. सात नंबर कुंपणाबाहेर, उतारावर, माझ्या ताईच्या गल्लीच्या तोंडाशी. त्याच्या झाकणाचं कुलूप उघडेना. किल्ली आत जाते, फिरत नाही.

डिसेंबरात सगळ्या कुलपांना तेल घालायचं होतं. फॉर्मवर मी ‘घातले’ अशी टिक केलेली आहे. आता कुलूप गंजलं असं सांगायचं कोणत्या तोंडाने?

दुपारी शांतपणे विचार केला. जमिनीखालचं पाणी शेवटी एकच असतं. एक नंबरवर परत गेलो. ती बोअर चढावर, तिथलं पाणी कायम स्वच्छ. तिथेच दुसरी बाटली भरली. लेबल लिहिलं: ७. आजवरचा सर्वात देखणा सात. पुढच्या महिन्यात खऱ्या सात नंबरच्या दोन बाटल्या भरू, म्हणजे फिट्टंफाट.

१६ फेब्रुवारी

निकाल आला. सात नंबर स्वच्छ! मॅडम म्हणाल्या, एक आणि सात अगदी जुळी भावंडं दिसतात. (मॅडम म्हणजे साइटच्या इंजिनिअर. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. बूट कायम चिखलाचे.) मी म्हटलं, गाळण्याचा गुण आला म्हणायचा. त्यांनी मागच्या महिन्यांचे कागद काढून शेजारी ठेवले. मग म्हणाल्या, दीड वर्षात पहिल्यांदाच. आवाज जरा ओला वाटला. मी माझ्या बुटांकडे बघितलं. स्वच्छ होते.

नियम असा आहे: सात नंबर सलग दोन महिने स्वच्छ आला, की गल्लीतल्या चौदा घरांच्या बोअरचं सील काढायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लेबल लिहिताना आठवलं नाही, इतकंच.

१७ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे. दीड वर्ष बिचारी टँकरच्या पाण्यावर काढते आहे. टँकर दिवसाआड येतो. गुडघा धरून बादल्या वाहते. बातमी तिला आधीच लागली होती. सगळ्या गल्लीला सांगून बसली आहे की माझ्या भावाने स्वतःच्या हाताने पाणी भरून दिलं होतं. हे शंभर टक्के खरं आहे.

संकल्प: उद्या कुलपाला तेल.

२० फेब्रुवारी

तेल आणलं. डबी टेबलावरच ठेवली आहे. डोळ्यांसमोर असली की विसरायला होत नाही.

२ मार्च

डबी अजून डोळ्यांसमोर आहे. कागद उडू नयेत म्हणून फार उपयोगी.

५ मार्च

नमुने. ऐन वेळी तेल घातलं. पाच मिनिटं वाट बघितली. कुलूप ढिम्म. मग लक्षात आलं की झालं ते बरंच झालं. समजा उघडलं आणि पाणी खराब निघालं, तर गेल्या महिन्यात स्वच्छ कसं, असा प्रश्न येणार. लोकांचा लॅबवरचा विश्वास उडणार. तिथल्या बाई इतकं मन लावून काम करतात. त्यांच्यासाठी म्हणून परत एक नंबरवर गेलो. या वेळी दोन बाटल्यांच्या मध्ये आठ मिनिटं थांबलो. म्हणजे तेच पाणी आहे, असं कोणाला म्हणता येणार नाही.

१५ मार्च

सात नंबर स्वच्छ. मॅडमनी सगळ्यांना चहा दिला. माझा कप तसाच राहिला. साखर जास्त असणार.

१८ मार्च

सीलं काढली. अख्खी गल्ली ताईच्या नळाशी जमली होती. नळ सोडला तर आधी हवा, मग गढूळ, मग काचेसारखं पाणी. वास अजिबात नाही, मी लांबूनच खात्री केली. ताईच्या डोळ्यांत पाणी. पहिला ग्लास तिने माझ्या हातात दिला. मी म्हटलं, घसा धरलाय, डॉक्टरांनी गार पाणी बंद केलंय. ती आत गेली आणि कोमट करून घेऊन आली.

फोन आल्यासारखं करून मी बाहेर सटकलो. फोन घरी राहिला होता, हे रस्त्यावर आल्यावर कळलं.

२४ मार्च, रविवार

ताईकडे जेवायला. घरून पाण्याची बाटली नेली. बायको म्हणाली, बहिणीच्या घरी पाणी घेऊन जाणारा माणूस मी पहिल्यांदाच बघते. मी तब्येतीचं कारण सांगितलं. ताईकडे दोन घास खाल्ले आणि पोट भरलं म्हणालो. शेजारची दोन पोरं नळाखाली डोकी धरून खिदळत होती, तोंड उघडं ठेवून. त्यांना ओरडावंसं वाटलं. काय म्हणून ओरडणार?

लाज वाटली. लिहून ठेवण्यासारखी गोष्ट नाही. पण वाटली.

३० मार्च

मॅडमना सगळं लेखी कळवायचं ठरवलं. ‘महोदया,’ इथपर्यंत आलं आहे. अक्षर सुरेख.

३१ मार्च

‘महोदया’ ऐवजी ‘मा. मॅडम’ बरं का? विचार चालू.

ताईकडे गेलो नाही. तिचे तीन फोन आले.

५ एप्रिल

नमुने. दोन महिन्यांची सवय. एक नंबरवर पाय आपोआप थांबले. हात आपोआप गेला.

७ एप्रिल, रविवार

ताईकडे गेलो. पिशवीतली बाटली तिने स्वतःच काढून टेबलावर माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, लहानपणी बाबांचं भिंतीवरचं घड्याळ फोडलंस, तेव्हा दोन दिवस त्या भिंतीकडे बघत नव्हतास. आता माझ्या नळाकडे बघत नाहीस. मी घशाचं सांगितलं. ती म्हणाली, सात नंबर कुठे आहे ते दाखव.

गुडघा धरत माझ्यामागून चालत आली. मी तिला नीट समजावलं की कुलूप पार धरलंय, कटर मागवावा लागेल, त्याची एक पद्धत असते. तिने कुलूप धरून एक हिसका दिला. गंजलेली कडी तुटून कुलूप तिच्या हातात आलं.

झाकण उघडलं. थिनरचा असा भपकारा आला की दोघंही मागे सरलो.

ताईने एवढंच विचारलं, नळ सोडून किती दिवस झाले? मी म्हटलं, वीस. आधी ‘फक्त’ लावणार होतो. जीभ उचलली नाही. ती म्हणाली, मी सगळ्यांना तुझं नाव सांगितलं रे. मला वाटलं, एक थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तिने कुलूप माझ्या हातात ठेवलं आणि नळ बंद करायला घरी गेली. गुडघा विसरून, जवळजवळ पळत.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. डिसेंबरच्या तेलापासून सुरुवात केली. त्या म्हणाल्या, तेलाचं राहू द्या, सात नंबरचं सांगा. सांगितलं.  त्या म्हणाल्या, टँकर आजच पाठवते, डॉक्टरही पाठवते. उद्यापासून तुम्ही येऊ नका.

८ एप्रिल

कामावर जायचं नव्हतं तरी वेळेवर उठलो.

ताईने बोलावलं होतं. चौदा पुठ्ठे कापून ठेवले होते तिने, आणि मार्कर. म्हणाली, तुझं अक्षर चांगलं आहे ना, लिही. लिहिलं: हे पाणी पिऊ नका. मग म्हणाली, घरोघरी जाऊन नळाला तूच अडकव, आणि का ते तूच सांग.

तेरा घरी सांगितलं. कोणी आरडाओरडा केला नाही, एका आजोबांशिवाय. त्या दोन पोरांच्या आईने पुठ्ठा दोनदा वाचला आणि पोरांना आत ओढलं. मला वाटलं होतं, चौथ्या-पाचव्या घरापासून सोपं जाईल. गेलं नाही.

चौदावं घर ताईचं. तिच्या नळाला पुठ्ठा बांधला. ती लांबून बघत होती. जवळ आली, वाचलं. मला वाटलं, आता बस म्हणेल. ती म्हणाली, खाली तुझं नाव लिही. सगळ्यांवर.

परत पहिल्या घरापासून निघालो. नाव लिहिताना अक्षर बिघडलं. चौदाही वेळा.