मी रजेवर नव्हतो

मी, राजाराम भिकू गमरे, वय सत्त्याहत्तर, निवृत्त नाईक, भारतीय सेना, राहणार लालबाग, मुंबई, आज डोके ठिकाणावर आणि चष्मा नाकावर असताना, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. मी शुद्धीत व धडधाकट असल्याचा डॉ. वैदेही मोरे यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. सरकारी कागदावर जोवर मी खोटा ठरत होतो, तोवर मरायचे नाही असे ठरवले होते. गेल्या वर्षी तो कागद दुरुस्त झाला. आता माझी हरकत नाही.

कलम १. आमची चाळ पाडून झालेल्या इमारतीतील माझी सदनिका व बँकेतील सर्व शिल्लक माझ्या मागे माझी पत्नी कमलाबाई हिच्या पूर्ण मालकीची होईल. वकिलांनी ‘तहहयात उपभोग’ असे सुचवले होते, ते मी नाकारले. पुढे कोणाला काय द्यायचे ते ती बघेल. मुलगा अजित व मुलगी सुनेत्रा यांनी तिला सल्ला जरूर द्यावा, पण तिने विचारल्यावर.

कलम २. माझे लढाईचे पदक व जखमेचे पदक सुनेत्राला मिळावीत. ही पदके पन्नास वर्षे उशिरा का आली, हे इथे लिहून ठेवणे मला भाग आहे.

१९७१ च्या नोव्हेंबरात सुनेत्रा दोन महिन्यांची होती. तिला पाहण्यासाठी मला एक डिसेंबरपासून रजा मंजूर झाली. मी ट्रंक बांधून स्टेशनावर पोचलो, तेवढ्यात सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. मी तिथूनच घरी तार केली आणि परत फिरलो. अकरा डिसेंबरला पूर्व सीमेवर डाव्या पायात गोळ्याचे तुकडे घुसले. पलटणीतल्या कारकुनाने रजा सुरू झाल्याची नोंद केली होती. रद्द झाल्याची करायची राहून गेली. पुढे दुसऱ्या कारकुनाने तीच नोंद पाहून माझ्या जखमेपुढे लिहिले, ‘रजेवर असताना, खासगी अपघात’. फील्ड हॉस्पिटलचा कागद गहाळ झाला होता. संपली माझी लढाई.

निवृत्तीनंतर, १९८१ साली, ही नोंद दुरुस्त करण्याच्या माझ्या अर्जाला पहिले उत्तर आले, तेव्हा मी माझगावला गोदीत पहाऱ्यावर होतो. कमलाबाईने ते वाचून घ्यायला आमच्याच चाळीतले श्री. शरच्चंद्र तांबे यांच्याकडे नेले. त्यांनी ते गॅलरीत, चार माणसांत, मोठ्याने वाचले. वर म्हणाले, “म्हणजे गमरे रजेवर होते. इकडे तर आले नाहीत. मग गेले कुठे?”

कमलाबाई म्हणाली, “माझा नवरा कुठं होता ते मला माहीत आहे. तुम्ही नुसतं वाचा, भर घालू नका.”

पण भर पडायची ती पडली. नळावर बायका बोलत. पाचवीतली सुनेत्रा एकदा शाळेतून येऊन विचारती झाली, “बाबा, आपलं अजून एक घर आहे का?” पायाचे दुखणे मी सोसले. हा प्रश्न मला सोसवला नाही.

कलम ३. सत्तावीस नकारांची फाइल चि. अजितला मिळावी. “बाबा, सोडा ना आता, कोण बघतंय?” असे त्याने मला किमान शंभर वेळा म्हटले. तरी प्रत्येक तारखेला टॅक्सी त्यानेच आणली, हेही खरे. त्याने फाइल एकदा पहिल्या पानापासून वाचावी, एवढीच अट.

कलम ४. श्री. शरच्चंद्र तांबे यांच्यावरचा माझा राग. हा मी चाळीस वर्षे नीट सांभाळला. त्याचे काय झाले तेही लिहितो.

आमच्या चाळीतल्या बुद्धविहाराची शिस्त अशी, की सहा डिसेंबरला दादरला येणाऱ्या माणसांना पाणी द्यायला प्रत्येक खोलीतून एक माणूस जायचाच. सूट हवी तर चिटणीसाला कागद दाखवायचा. चाळ पाडताना विहाराची पेटी उघडली, तेव्हा सुनेत्राला त्या पाळ्यांच्या वह्या सापडल्या. १९७१ च्या वहीत लिहिले होते: ‘खोली २३. गमरे लढाईवर. रजा रद्द झाल्याची तार पाहिली. सूट मंजूर. पत्नीने सूट नाकारली व पाणी वाटले.’

अक्षर चिटणीसांचे. चिटणीस, शरच्चंद्र तांबे.

ती तार आमच्याकडे वाळवीने खाल्ली होती. तांबे स्वतःच लिहिलेले विसरून गेले होते. वही त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. मग म्हणाले, “राजाराम, तारीख कधी आहे? मी येतो.”

सशस्त्र सेना न्यायाधिकरणात माझ्या बाजूने पलटणीतला मित्र आल्बर्ट परेरा याचे प्रतिज्ञापत्र आधीपासून होते, पण मित्राचा शब्द म्हणून ते बाजूला पडले होते. त्या दिवशी तो उभा राहून म्हणाला, “साहेब, हा रजेवर होता, तर दोन मैल माझ्या पाठीवर कोण होता?” मग नव्वदीला टेकलेले तांबे काठी टेकत पुढे झाले. “अक्षर माझं आहे. आणि तार पाहिल्याशिवाय मी कोणालाच सूट देत नव्हतो.”

निकाल आमच्या बाजूने लागला. रजेची नोंद रद्द झाली; जखम ‘युद्धात, शत्रूच्या माऱ्याने’ अशी लिहिली गेली. त्या संध्याकाळी मी अख्ख्या इमारतीला पेढे वाटले. सुनेत्रा त्रेपन्न वर्षांची बाई, लिफ्टमध्ये माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडली. मीही रडलो, आणि मला फार बरे वाटले.

सबब उपरोक्त राग मी या कलमाने रद्द करत आहे. मात्र तांबे यांनी अंगात बळ आहे तोवर दर सहा डिसेंबरला कमलाबाईच्या हाताखाली पाणी वाटावे.

कलम ५. माझी पंच मशीन, शाईचे पॅड व कोऱ्या अर्जांचे गठ्ठे सुनेत्राकडे राहावेत. लालबाग-परळची कोणी सैनिकाची विधवा चुकीचा कागद घेऊन आली, तर तिला बसवून, चहा देऊन अर्ज लिहून द्यावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही सुनेत्रानेच करावी.

दुरुस्ती. हे सर्व वाचून दाखवल्यावर कमलाबाईने सोबतची वारसांची यादी मागून घेतली. तिच्या नावापुढे मी ‘धंदा: घरकाम’ असे लिहिले होते. ती म्हणाली, “बावीस वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात उभी होते मी. तुम्ही अर्ज करत बसलात, तेव्हा चूल त्या पगारावर पेटत होती. ते कुठं गेलं?” चूक माझीच, कारकुनाची नव्हे. नवे पान करू नये असे मी सांगितले. चूक खोडलेली सर्वांना दिसली पाहिजे. दुरुस्तीला दोन मिनिटे लागली.

लिहून ठेवणार: राजाराम भिकू गमरे (सही)

आम्हां दोघांसमक्ष सही झाली व आम्ही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या:
१. आल्बर्ट परेरा, माझगाव (सही)
२. डॉ. वैदेही मोरे, परळ (सही)

स्थळ: लालबाग, मुंबई. दिनांक: ९ मार्च २०२५

यादीतील दुरुस्ती तपासली, बरोबर आहे:
कमलाबाई राजाराम गमरे, निवृत्त गिरणी कामगार (सही)