आडोशामागचा वीस

रवि. २ नोव्हें.

बेळ्ळंदूर ते बनशंकरी, बसनं. एका मुलीनं माझे आखूड केस बघून उठून जागा दिली. राग आला. तरी बसले.

रघूच्या घरी दर रविवारचा खेळ, गोष्टीतली पात्रं होऊन फाशांवर खेळायचा. नेहमीचे चौघं. रघू डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा; राक्षस तोच, पाऊस तोच आणि न उघडणारा दरवाजाही तोच. लावण्याची पुजारीण, विकीचा चोर आणि माझी गंगव्वा, कुऱ्हाडवाली, कायम सगळ्यांच्या पुढे. (निपाणीला आमच्या गल्लीच्या नळावर एक गंगव्वा होती. तिची घागर रोज पहिली. नाव तिथून उचललं.)

आज पुलावरचा राक्षस. गंगव्वा अर्धमेली, एका दणक्याची धनी. रघूनं आडोशामागे वीस बाजूंचा फासा टाकला. आडोसा म्हणजे जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे; आमच्या बाजूला देवीचं चित्र, त्याच्या बाजूला त्याची गुपितं. नेमक्या तेव्हाच अक्का, म्हणजे रघूची आई, कोडबळ्यांची ताटली घेऊन त्याच्या मागे. अक्कांना या खेळातलं एकच कळतं, की वीस पडला की सगळे ओरडतात. त्या ओरडल्या, "वीस पडला की रे! वीस!" त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, की राक्षसाला वीस पडणं म्हणजे मला दुप्पट मार.

रघू म्हणाला, "हुकला." मग म्हणाला, "म्हणजे, फासा तिरका पडला होता, अम्मा. परत टाकतो." परत टाकला. हुकला.

कोडबळी छान होती.

सोम. ३ नोव्हें.

तिरका फासा परत टाकायचा, हा नियम आहेच. पुस्तकाला टेकला, ताटलीच्या काठावर अडकला, तर परत. खरं (आईचं "खरं", म्हणजे "पण") तो आधी म्हणाला "हुकला" आणि मग म्हणाला "तिरका".

ऑफिसात मॅनेजरनं माझं रिलीजचं काम दुसऱ्याला दिलं. "यू टेक केअर." मी न मागता. मार्चमधल्या ऑपरेशनपासून सगळे माझ्याशी काचेच्या भांड्यासारखे वागतात. घरमालकीण जिन्यात पिशवी काढून घेते. विकी जोक सांगता सांगता मध्येच थांबतो, त्यात कुणी मरणार असेल तर.

रविवारचं टेबल सोडून. तिथं फासा आहे, फाशाला माझे रिपोर्ट माहीत नाहीत. असं वाटत होतं.

बुध. ५ नोव्हें.

आठवत बसले. ऑपरेशनच्या आधी गंगव्वा कितीदा पडली? सारखी. एकदा कोंबडीनं मारली होती तिला, मंतरलेली होती पण कोंबडीच. आणि मार्चनंतर? एकदाही नाही. मीच फुशारकी मारत होते, गंगव्वा आता तयार झालीय म्हणून!

लावण्याला फोन. कन्नडमध्ये विचारलं, सरळच. रघू आकडे बदलतो, तुला माहीत होतं?

"तू रागावशील म्हणून..."

"विकीला?"

"त्यालाही."

म्हणजे सगळ्यांनाच. वरातीत नवरीलाच सांगायचं राहिलं.

शुक्र. ७ नोव्हें.

नियमांचं पुस्तक काढून बसले. डीएमला आकडा बदलायचा अधिकार आहे का? आहे म्हटलं तर आहे. पुस्तक म्हणतं, सगळ्यांना मजा यावी हे बघणं त्याचं काम, आडोसा त्यासाठीच. नेटवर या एका प्रश्नावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. एक म्हणतो, बदललेला फासा म्हणजे चोरी. दुसरा म्हणतो, मुलांना गोष्ट सांगताना आपण वाघाला शेवटी पळवून लावतोच ना? तिसरा म्हणतो, केलंत तर निदान कळू देऊ नका. त्या तिसऱ्याला सगळ्यात जास्त लोकांनी दुजोरा दिलाय.

मी मूल नाही. मला वाघ बघायचा होता.

मधेच आईचा फोन. जेवलीस काय, झोप लागती काय. "सगळं बरं आहे आई." पंचवीसला स्कॅन आहे हे सांगितलं नाही. सप्टेंबरच्या तपासणीत बारीकसं काहीतरी दिसलं होतं, डॉक्टर म्हणाल्या नोव्हेंबरअखेर परत बघू. आईला तेव्हा सांगितलं होतं, एकदम स्वच्छ. ती तिकडे एकटी, बीपीची गोळी चालू. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रवि. ९ नोव्हें.

मुद्दाम लवकर गेले, बाकीचे यायच्या आत. रघू आडोसा उभा करत होता. मी म्हटलं, "देवीला कशाला मध्ये उभी करतोस, तिलाही लाज वाटत असेल."

त्याला कळलं. बसला.

मग सांगितलं त्यानं. ऑपरेशनच्या आदल्या रविवारी मी हट्टानं खेळायला आले होते. त्या दिवशी गंगव्वा मरत होती. त्यानं आकडा बदलला. ऑपरेशन नीट झालं. पुढच्या वेळी परत तसंच. किमो संपली. "मग माझी हिंमतच होईना. तिला मारलं आणि तिकडे तुला काही..."

"इंजिनियर ना रे तू?"

"गाडीला लिंबू-मिरची मीच बांधतो," म्हणाला. हसू आलं मला, आणि त्या हसण्याचाच राग आला.

मी म्हटलं, इतके महिने मला जिंकवत होतास. तो म्हणाला, जिंकवत नव्हतो, मरू देत नव्हतो. मी म्हटलं, एकच ते. तो म्हणाला, एक नाही. आवाज चढले. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, दोघांकडे बघितलं आणि पुन्हा आत गेल्या. मी चपला घातल्या. अक्का जिन्यापर्यंत डबा घेऊन आल्या. "भांडण त्याच्याशी, माझ्याशी नव्हं. स्वल्प खा की गं, सुकलीस किती."

डबा घेतला. बिसीबेळेभात. रागानं खाल्ला, सगळा.

मंगळ. ११ नोव्हें.

एवढा राग का, ते आज ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कळलं. समोर इडली गार झाली.

रघूला हसले, खरं मी काय वेगळं करत होते? किमोच्या दिवसांत, बादली शेजारी ठेवून पडलेली असायचे तेव्हा, मनात तेच चालायचं: परवा राक्षसाचे तीन घाव हुकले. गंगव्वा पडली नाही, मीही पडत नाही. कुणाला बोलले नाही. लिंबू-मिरची मीही बांधली होती, आतल्या बाजूला.

आता कळतं की ते घाव हुकलेच नव्हते. आणि पंचवीसला स्कॅन. आता कशाला धरू? भीती वाटते. साधी, पोटातली भीती. लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःला शूर म्हणवून घेणार नाही.

शनि. १५ नोव्हें.

रघूचा मेसेज. फोटो: पुठ्ठे घडी घालून कपाटावर ठेवलेत. खाली एवढंच, "उद्यापासून सगळं उघड्यावर. येशील?"

उत्तर दिलं नाही. मग दिलं. "सरी." बरं, येते.

रवि. १६ नोव्हें.

आडोसा नाही. रघू उघडाबागडा बसल्यासारखा दिसत होता, हात कुठे ठेवावेत कळेना त्याला. अक्कांनी परिशेच्या, म्हणजे शेंगांच्या जत्रेच्या, आधीच शेंगा आणून उकडल्या होत्या. टेबलावर टरफलांचा ढीग, त्यात फासे.

त्याच पुलावर, तोच राक्षस. त्यानं फासा सगळ्यांसमोर टाकला. लागला. परत टाकला. लागला. तिसऱ्याला रघू थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस, फाशाकडे बघ."

गंगव्वा पडली.

पडल्यावर तीनदा चांगला फासा आला तर जगते, तीनदा वाईट आला तर संपली. आपल्या पाळीला आपणच टाकायचा. पहिला वाईट. दुसरा वाईट.  विकी जोक सांगत नव्हता. मागून अक्का, "हे चांगलं का वाईट?" 

लावण्या म्हणाली, मी जाते, बरी करते. मी म्हटलं, नको. पडू दे. एकदा तरी जे पडेल ते पडू दे. त्यावर वाद. नको म्हणता येतं का? मी नियमाचंच पुस्तक मागितलं. विकीनं शोधून वाचलं आणि म्हणाला, "शुद्धीवर असतीस तर नको म्हणू शकली असतीस. ती बेशुद्ध आहे. बेशुद्ध माणसाला कोण विचारतं?"

"मी शुद्धीवर आहे," मी म्हटलं.

"तू आहेस. गंगव्वा नाही."

लावण्या तोवर निघालीच होती. पुजारीण दगडाआडून बाहेर, पूल ओलांडून, राक्षसाच्या अगदी हाताखालून. रघू म्हणाला, जाताना तुला फटका बसेल, माहीत आहे ना? ती म्हणाली, "गोत्तु. टाक." माहीत आहे, टाक. त्यानं टाकला. सगळ्यांसमोर. वीस.

या वेळी अक्का ओरडल्या नाहीत. चेहऱ्यांवरून कळलं असावं.

पुजारीण एका हाताची झाली. कायमची. एवढा मार बसला की रघूला तसं ठरवावंच लागलं. तरी सरपटत पोचली आणि उरलेला हात गंगव्वाच्या कपाळावर ठेवला. गंगव्वानं डोळे उघडले. मी रडले. शेंगा खाता खाता रडणं बरं दिसत नाही, तरी.

सोम. १७ नोव्हें.

दिवसभर तोच विचार. रघूनं मला वाचवलं, लावण्यानंही वाचवलं. माझा "नको" लावण्यानंही ऐकला नाही. मग तिचा राग का येत नाही?

तिनं मला दिसेल असं केलं म्हणून. तिचं काय गेलं ते मला ठाऊक आहे. मी तिच्याशी भांडू शकले, हरले. रघूनं मला भांडायलाच दिलं नाही. त्यानं सगळं एकट्यानं वाहिलं, माझा मार आणि स्वतःची भीती, पुठ्ठ्यामागे बसून. जड गेलं असेल त्यालाही. हे आज पहिल्यांदा वाटलं.

आईचा फोन आला. जेवलीस काय. तोंडात तयारच होतं, "सगळं बरं..." आणि डोळ्यांसमोर रघूचे ते पुठ्ठे आले. देवीचं चित्र तिच्या बाजूला, आकडे माझ्या.

सांगितलं. सप्टेंबरचं, बारीक ठिपक्याचं, पंचवीसचं. एका दमात.

  आई म्हणाली, "तू बरं हाय म्हणालीस की मी रात्रभर जागी असायची. तुला बरं असलं की तू भांडतीस गं माझ्याशी. दोन महिने झालं, भांडली न्हाईस."

मी तिला स्कॅनची वेळ सांगितली.

"शनिवारच्या गाडीनं येतो मी. गोळ्या घेऊन येतो, काळजी करू नगंस. आणि नको म्हणू नगंस."

म्हटलं नाही.

रवि. २३ नोव्हें.

आईला घेऊन बनशंकरीला. अक्का आणि आई पाच मिनिटांत गट्टी, अर्धं मराठी अर्धं कन्नड, दोघींचं मराठी एकमेकींना जेमतेम कळणारं. आईनं माझी गंगव्वा कोण ते ऐकलं आणि म्हणाली, "ती नळावरची? अगं, ती पहिली घागर भरायची ती शेजारच्या आंधळ्या म्हातारीची. स्वतःची मागनं."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तिला भांडखोर म्हणून मिरवत होते.

रघूनं आईच्या हातात फासा दिला, राक्षसाच्या वतीनं टाका म्हणून. आईनं तो कपाळाला लावून टाकला. सतरा. गंगव्वाला लागलं. "माझ्या हातनं लागलं व्हय तुला?" आई कासावीस. मी म्हटलं, लागलं, खरं उभी आहे. आईनं विड्याचं पान दिल्यासारखा फासा रघूला परत केला. मग रघूनं मला विचारलं, परवा गाडी आणू का? मी हो म्हटलं. लिंबू-मिरचीसकट आण म्हटलं.

बुध. २६ नोव्हें.

काल स्कॅन. त्या यंत्रात शिरताना कशालाच धरलं नाही. भीती होती, ती होतीच.

आत्ता फोनवर मेसेज आला, रिपोर्ट तयार आहे. आई ओट्याशी आहे, आलं किसतेय. मी फोन पालथा ठेवला. माझी सवय: आधी एकटीनं वाचायचं, मग कुणाला काय सांगायचं ते ठरवायचं.

आईनं मागे न वळता विचारलं, "आलं काय?"

"आलं."

"च्या होऊ दे. मग उघड." आलं टाकलं, गॅस बारीक केला. "आणि मनात नगं. मोठ्यानं वाच."

चहा उतू जायच्या बेतात आहे. फोन दोघींच्या मध्ये, टेबलावर, उताणा ठेवलाय.