बार्लो रोडची सम बाजू

टल्सा, १२ फेब्रुवारी १९९६

ती. बर्नडीन मावशीस,
रोझलिनचा सा. न. वि. वि.

आधीच सांगते, घरी सगळे धडधाकट आहेत, तेव्हा पत्र बघून धसका घेऊ नकोस. फोन केला असता, पण तीस वर्षं शाळेची बस चालवून इंजिनानं तुझा एक कान खाल्ला, आणि दुसऱ्यानं तू हवं तेवढंच ऐकतेस!

बातमी अशी, की कर्टिसची बदली तुझ्याच गावी झाली. जूनमध्ये येतोय. तू नाचशील, पण मला टेसाची काळजी पोखरतेय. घरी ही पोर मांजराशीसुद्धा हुज्जत घालते, आणि शाळेत सप्टेंबरपासून एक अक्षर बोललेली नाही. एक अक्षर नाही, मावशी! बाई म्हणाल्या, पहिलीतही अशीच राहिली तर तिला वेगळ्या वर्गात घालावं लागेल. तो वर्ग मी पाहून आले आणि गाडीत बसून रडले.

तुमच्या पेपरातलं कात्रण मागवलंय. गावातल्या पाचही सरकारी प्राथमिक शाळांचे परीक्षेचे गुण ओळीनं छापलेत. लिंडन हिल पहिली, क्वारी स्ट्रीट शेवटची. मी वहीत रकाने आखलेत: गुण, वर्गात मुलं किती, पुस्तकं किती. कर्टिस म्हणतो, घोडा घेतानाही लोक इतके दात मोजत नाहीत. म्हणू दे. पहिल्या-शेवटच्यातला फरक कळावा, म्हणून तू या दोन्ही शाळा स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये आणि खरंखरं कळव.

लोभ आहेच, पण या वेळी त्याला जरा पायपीट करायला लाव.
तुझी,
रोझलिन


एल्डर फॉल्स, ११ मार्च १९९६

चि. रोझलिनला बर्नडीन मावशीचे अ. उ. आ.

बाईसाहेब, हुकमाप्रमाणे दोन्ही शाळा पाहिल्या. नेमका परीक्षेचा आठवडा होता.

लिंडन हिलची फरशी अशी चकचकीत, की मला माझीच दुहेरी हनुवटी दिसली. मुख्याध्यापकांनी रंगीत फाइल दिली आणि मोजून चार मिनिटं. पहिलीत एकोणीस मुलं. बाग छान, वाचनालय छान, सगळं छान. तिथं आणखी एक गोष्ट पाहिली, पण ती लिहिली तर म्हणशील मावशी आपल्या क्वारी स्ट्रीटची तळी उचलते. राहू दे.

क्वारी स्ट्रीटला पाण्याचा नळ गळतो, तो मी बस चालवत होते तेव्हापासून गळतोय. पहिलीत सव्वीस मुलं. प्रुइट बाई जमिनीवर बसून कुणाच्या तरी बुटाची नाडी सोडवत होत्या, आणि मी आले म्हणून उठल्या नाहीत. नाडी सुटल्यावर उठल्या. टेसाचं सांगितलं, तर त्यांनी विचारलं की पोरीला मोजायला आवडतं का. तुझ्यावर गेलीय, मोजण्यावाचून तिचं चालत नाही, असं मी ठोकून दिलं. स्वयंपाकघरात आमची ओडेला अजून आहे. तिनं मला बळंच जेवायला बसवलं.

तुझ्या रकान्यांत यातलं काय बसतं ते तू बघ. मी ड्रायव्हर बाई, मला शाळा दारातून कळते.

पोरीचा मुका घे, मांजराला समज दे.
तुझी मावशी


टल्सा, ४ एप्रिल १९९६

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. नाडीची गोष्ट गोड आहे गं, पण गोड गोष्टीवर मी पोरीचं वर्ष लावू का? सव्वीस मुलांत न बोलणाऱ्या मुलीकडे कोण बघणार? कोपऱ्यात बसेल आणि कुणाला पत्ताही लागायचा नाही. मी लिंडन हिलच धरलीय.

घरही मिळालं! बार्लो रोड, ४१८ नंबर. घराच्या दलालानं छातीवर हात ठेवून सांगितलं, की तो रस्ता लिंडन हिलमध्ये येतो. कर्टिस जाऊन बघून आला. वीस तारखेला सह्या आहेत. त्या रस्त्यावर तू वर्षानुवर्षं बस फिरवलीस, म्हणून विचारते. काही खोट असेल तर आत्ताच सांग. नंतर बोटं मोडायची माझी तयारी नाही.

उलट टपाली उत्तराची वाट बघत,
तुझी,
रोझलिन


एल्डर फॉल्स, १० एप्रिल १९९६

चि. रोझलिनला अ. आ.

४१८ चं छप्पर दोन वर्षांपूर्वी घातलंय. तळघर कोरडं आहे. शेजारचा कुत्रा नुसता भुंकतो, चावत नाही. मागच्या अंगणात सफरचंदाचं झाड आहे, फळं आंबट. शाळेचं म्हणशील, तर त्या रस्त्यावरची सगळी मुलं वेळेवर शाळेत पोचतात, त्यातली कितीतरी मीच पोचवली आहेत.

या सगळे. मी ॲपल पाय भाजून ठेवीन.
मावशी


बार्लो रोड, १९ ऑगस्ट १९९६

मावशी,

नमस्कार. दोन मैलांवरून पत्र लिहितेय, कारण समोर आले तर नको ते बोलून जाईन.

आज शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. दोन शाळांमधली हद्द बार्लो रोडच्या बरोब्बर मधून जाते. कुठल्याच मुलाला बससाठी तो वाहता रस्ता ओलांडायला लागू नये, म्हणून. विषम नंबरची घरं लिंडन हिलला, सम नंबरची क्वारी स्ट्रीटला. समोरच्या ४१७ मधली मुलगी लिंडन हिलला जाणार, आणि माझी टेसा यादीतल्या शेवटच्या शाळेत! दलाल म्हणतो, त्याला कल्पना नव्हती. बदलीचा अर्ज दिलाय, जागा रिकामी झाली तरच. शाळा आठ दिवसांवर आलीय.

तुला एकच विचारते. त्या रस्त्यावर उजव्या बाजूची मुलं एका बसमध्ये आणि डाव्या बाजूची दुसऱ्या बसमध्ये चढतात, हे तुला ठाऊक नव्हतं?

रोझलिन


एल्डर फॉल्स, २१ ऑगस्ट १९९६

चि. रोझलिन,

ठाऊक होतं. सम बाजूची मुलं माझ्याच बसमध्ये चढायची.

आता मार्चमध्ये गिळलेली गोष्ट ऐक. लिंडन हिलच्या ऑफिसात तीन मुलं चित्रं रंगवत बसली होती. बाकीचे वर्ग परीक्षेला बसलेले. मी त्यांच्याबद्दल विचारलं, तर टेबलामागच्या बाई हसून म्हणाल्या, की ही आज मोजायची नाहीत. का, तर त्यांच्यामुळं सरासरी खाली येते. त्यातली एक पोर टेसाएवढी होती. तिनं ते ऐकलं आणि मान खाली घालून रंगवत राहिली. तुझ्या कात्रणातला पहिला नंबर असा येतो, बाळ.

हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. तू विश्वास ठेवणार नाहीस असं वाटलं, आणि एप्रिलमध्ये तू आपणहून सम बाजूचं घर घेतलंस, तेव्हा मी तोंड शिवून बसले. पोर तुझी, आणि ठरवलं मी. चुकलं माझं. शिव्या द्यायच्या तर घरी येऊन दे, मी चांगल्या कानाच्या बाजूनं बसेन.

मावशी


बार्लो रोड, २० ऑक्टोबर १९९६

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दोन महिने तुझ्याशी बोलले नाही, आणि रोज मनातल्या मनात तुझ्याशीच भांडले. तुझी ती तीन मुलं डोळ्यांपुढून हलत नाहीत. तरी राग गेला नाही. तू लिहिलं असतंस तर मी ऐकलंही असतं. नसतंही कदाचित.

टेसा सात आठवडे तशीच होती, मुकी. प्रुइट बाईंनी तिला एकदाही बोल म्हटलं नाही. फक्त एक काम दिलं. रोज सकाळी शाळेतलं जेवण वर्गातल्या किती मुलांना हवं ते मोजायचं, आणि बाईंनी आकडा लिहिलेली चिठ्ठी ओडेलाकडे न्यायची. मला वाटलं, हे काय काम झालं!

गेल्या सोमवारी कळलं, लिंडन हिलला जागा झालीय, शुक्रवारपर्यंत सहीचा पक्का अर्ज द्या. बुधवारी मी मुख्याध्यापिकेची सही घ्यायला अर्ज हातात घेऊनच शाळेत गेले. त्या दिवशी पिझ्झा होता, म्हणजे घरून डबा कुणाचाच नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी टेसा पाठमोरी उभी होती. ओडेलानं चिठ्ठी वाचून विचारलं, सव्वीस ना गं? टेसानं नाही म्हणून मान हलवली. ओडेलानं चिठ्ठी तिच्यापुढे धरून दाखवलं, की हे बघ, बाईंनी सव्वीसच लिहिलंय.

आणि मावशी, माझी पोर बोलली. मोठ्यांदा, चिडून, मांजराशी बोलते तश्शी. सत्तावीस म्हणाली. “मला धरून सत्तावीस!”

ओडेलानं नुसती मान डोलावली आणि एक पिझ्झा वाढवला, जसं काही झालंच नाही. बाईंनी तो आकडा चुकून लिहिला की मुद्दाम, ते मी विचारलं नाही. सही न घेताच घरी आले. शुक्रवार उलटला. उद्या ती परत गप्प झाली तर काय, म्हणून अजून दर सकाळी ती बसमध्ये चढेपर्यंत मी दारात उभी राहते. पण अर्ज पर्समध्येच आहे, घडी घातलेला.

तुला मी माफ केलेलं नाही, हे ध्यानात असू दे. त्याला वेळ लागेल. तोवर लोभ आहे तेवढ्यावर भागव.
रोझलिन

ता. क. रविवारी जेवायला ये. टेबल टेसानं आत्ताच मांडून बघितलं. मी म्हटलं, आपण तिघंच तर आहोत. तिनं चौथी ताटली आणली आणि तुला धरून मोजलं.