आधीची ओळ

३ नोव्हेंबर

— आणि एंटर दाबला तर पडद्यावर आधी कामिनीचीच ओळ उमटली: ‘प्रत काढली.’ मग माझी कमांड चालली. मग पुन्हा तिची: ‘२११४ फाइली. एकही कमी नाही.’

आता आमच्या शेलमध्ये, म्हणजे संगणकाला हुकूम टाइप करायच्या खिडकीत, कोणीही कमांड दिली की तिने लिहिलेली स्क्रिप्ट आधी धावते. काही पुसणार असाल तर प्रत ठेवते, कोण काय करतंय ते नोंदीत लिहिते. कमांड संपली की पुन्हा धावते, फाइली मोजते.

दिवाळीआधी माझ्या हातून पवनीची चाळीस रेकॉर्डिंग पुसली गेली. धानशेतीचे बोलीतले शब्द, तिथल्या कुंताबाईंच्या आवाजात. ते विसरले होते सगळे. आता दर कमांडला सगळ्यांना आठवतं!

५ नोव्हेंबर

संजीव सर, सगळ्यांसमोर — “हे सहा वर्षांत कोनाले काहून नाही सुचलं?”

सहा वर्षं इथे मीच आहे. कामिनी चार महिन्यांपूर्वी सिहोऱ्याहून आली. मार्चनंतर या बोली-प्रकल्पात जागा एकच.

६ नोव्हेंबर

“ताई, खाऊन तं पाहा, माह्या आईच्या हातची.” कामिनीच्या डब्यातली भाजी. चांगली होती. तेही सहन होत नाही.

७ नोव्हेंबर

पाच वाजता खोलीत एकटी होते. तिची स्क्रिप्ट पुसली. उद्या सर नागपूरच्या पाहुण्यांना ती दाखवणार आहेत. आता ती चालणार नाही. कामिनी गडबडेल!

मग नोंद उघडली. शेवटची ओळ: ‘आधी — करुणा — स्क्रिप्ट पुसते.’ माझी कमांड चालण्याआधीच लिहून झालं होतं. स्क्रिप्टने स्वतःची प्रतसुद्धा काढून ठेवली होती. ‘नंतर’ची ओळ नाही. लिहायला कोणी उरलंच नव्हतं.

ती ओळ खोडणार तोच दारात भैय्यालाल चौकीदार — “मॅडम, घरदार हाय का नाही? कुलूप लावून राहिलो!”

उठले.

८ नोव्हेंबर

सकाळी कामिनी माझ्याआधी आलेली. स्क्रिप्ट प्रतीवरून पुन्हा जागेवर. नोंदीत माझी ओळ नव्हती. खाली दोन नव्या: ‘आधी — कामिनी — नोंदीतली ओळ काढते.’ ‘नंतर — एक ओळ कमी.’

नोंद दाखवताना पाहुण्यांसमोरच सरांनी कामिनीला विचारलं, “कोनती ओळ काढली? काहून?”

“माह्या हातून चुकून झालं, सर.” माझ्याकडे पाहिलंही नाही.

पाहुणे गेल्यावर सरांनी मशीनचं काम तिच्याकडून काढून मला दिलं.

मी घेतलं.