प्राध्यापिकाबाईंना पाठवलेला बायोडेटा

ईडन प्रेरी, रविवार

प्रिय उपासना,

सप्रेम जय भीम. मुद्दाम मराठीत लिहितोय. तू मराठी सावकाश वाचतेस, म्हणजे तुला राग येईपर्यंत माझं सांगून संपलेलं असेल.

इथल्या मेडिकल कॉलेजच्या अर्जाआधी रिसर्चचा अनुभव हवाच, यावर आपलं एकमत होतं. भांडण होतं ते कोणता, यावर. एकीकडे कॅन्सरची लॅब, तिथले उंदीर आणि मोठ्या नावाच्या प्राध्यापिकाबाई. दुसरीकडे तुझा तो वृद्धाश्रमातला अभ्यास: म्हातारी माणसं कधी, कुठे, कशी पडतात ते त्यांच्या शेजारी बसून विचारायचं. मी म्हणालो, पडण्यात कसला आलाय रिसर्च! तू इंग्रजीत उसासा टाकलास आणि फोन ठेवलास.

पण तोपर्यंत दीपा मावशीकडच्या पॉटलकमध्ये, घरटी एकेक पदार्थ आणायच्या त्या जेवणात, मी सांगून बसलो होतो की आमची उपासना कॅन्सरवर काम करणार. एका काकांनी तर तुझ्या भरवशावर सिगरेट पुन्हा सुरू करायची तयारी दाखवली. आता शब्द मागे कसा घ्यायचा? म्हणून बाईंना मीच मेल केला. मुलीची माहिती नीट मांडायचा माझ्याकडे एकच नमुना होता, यामिनी आत्याच्या लग्नासाठी मी केलेला बायोडेटा. नावं बदलली, बाकी तसंच ठेवलं. त्यामुळे बाईंना कळलं की तुझी उंची पाच फूट तीन इंच, वर्ण गव्हाळ, स्वभाव मनमिळाऊ, स्वयंपाकाची आवड (हे धादांत खोटं), वडील इंजिनिअर, स्वतःचं घर. शेवटी 'योग्य वाटल्यास पुढील बोलणी करू' हेही इंग्रजीत गेलं. तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मधूनच स्वयंपाकघरातून एकटीच्या हसण्याचा आवाज यायचा.

बाईंचं उत्तर फार सभ्य होतं. ओळख करून दिल्याबद्दल आभार मानले आणि लिहिलं, की तुम्हाला ठाऊक असेलच, उपासनाने मागच्याच आठवड्यात नकार कळवलाय. मला ठाऊक नव्हतं. आईला होतं. बाईंना होतं. बहुधा उंदरांनाही होतं. आधी राग आला, मग खूप वाईट वाटलं गं.

त्याच तिरीमिरीत नागपूरला आजीला फोन लावला, तुझी तक्रार करायला. तुझा अभ्यास कशावर आहे ते सांगितलं आणि थट्टेतच विचारलं, की तू पडतेस का कधी? ती हळूहळू सांगायला लागली. डिसेंबरपासून दोनदा पडली. एकदा बाथरूममध्ये, अर्धा तास उठता आलं नाही. शेजारच्या लतिका काकूंनी उचललं. मला कळवायचं नाही, असं तिनेच त्यांना बजावलं होतं, कारण मी ओरडलो असतो. त्या दिवशी आजी माझ्याशी चाळीस मिनिटं बोलली. एरवी तब्येत बरी आहे म्हणते आणि फोन ठेवते.

तू आणि आजी, दोघींनी मला सांगितलं नाही, आणि कारण एकच. म्हणून हे पत्र. तू निवडलंस ते बरोबर निवडलंस. तिथे जा, माणसं भीतीने जे लपवतात ते कसं विचारायचं ते शीक. आणि सुट्टीत घरी आलीस की आधी मला शिकव.

ओरडणं कमी करायला निघालेला, तुझाच
बाबा